ओझ्यातल्या नेवऱ्या मोजून घ्या

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून एका वाचकाचे पत्र आले आहे. त्याचा सारांश असा:

‘आमच्या गावच्या जत्रेला दरवर्षी आम्ही मंडळी नाटक करतो. यंदा छापील संहिता न घेता मी स्वतः दोन अंकी विनोदी नाटक लिहिले. भाटकाराचा (जमीनदाराचा) मुलगा आणि त्यांच्याच जुन्या मुंडकाराची (त्यांच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याची) मुलगी यांचे लग्न होते. मुंडकार आता खनिज वाहणाऱ्या चार टिपरांचा (ट्रकांचा) मालक, तर भाटकाराचे घर गळते आहे, पण तोरा तसाच. वाचनाला पहिल्या अंकात सगळे पोट धरून हसले, दुसऱ्या अंकात मात्र कोणी हसेना. शेवटी मुलीच्या तोंडी एक भाषण घातले आहे. ते काहींना आवडते, काहींना नको. शिवाय आमच्या गावात खरेच एक भाटकार घराणे आहे. ते उत्सवाला देणगी देते, पहिल्या रांगेत बसते. नाटक त्यांच्यावरच आहे, अशी कुजबुज सुरू झाली आहे. काय करू? संहिता सोबत जोडली आहे.’

नमस्कार,

दुसरा अंक पडतो त्याचे कारण पहिल्या अंकात आहे. तिथले जवळजवळ सगळे हशे ट्रकमालकाच्या चुकीच्या इंग्रजीवर, गळ्यातल्या जाड साखळीवर आणि त्याच्या बायकोच्या जेवायला वाढण्याच्या पद्धतीवर आहेत. असा विनोद पंधरा मिनिटांत संपतो. माणूस कसा बोलतो हे एकदा कळले की पुढे कळायला काही उरत नाही, मग लेखक तेच जास्त जोराने करायला लावतो आणि नट ओरडू लागतात. त्याहून मोठी अडचण अशी की त्या माणसाला शाळा मिळाली नाही, आणि प्रेक्षक त्यावरच हसतो आहे. वर्गभेदावरच्या प्रहसनात माणसाला जे मिळाले नाही ते हसण्याचा विषय करू नये. तो जे लपवतो आणि लपवण्यासाठी जे खर्च करतो, त्यावर मनसोक्त हसावे. हा निकष लावून पहिला अंक चाळलात तर निम्मे विनोद गळतील. गळू द्या.

भाषेचेही तेच. भाटकाराच्या घरी शुद्ध मराठी आणि ट्रकमालकाच्या घरी कोकणी, अशी विभागणी तुम्ही केली आहे. जत्रेच्या मांडवात बसलेली बहुतेक माणसे घरी कोकणी बोलतात आणि नाटक मराठीत बघतात. म्हणजे तुम्ही त्यांना त्यांच्याच स्वयंपाकघरातल्या बोलण्यावर हसायला सांगत आहात. दोन्ही घरांना पाहुण्यांसमोर नाटकी मराठी बोलू द्या आणि घाबरल्यावर दोन्ही घरांची भाषा घसरू द्या. आधी घसरायला हवा तो भाटकार. ‘यावे, यावे, आपले स्वागत असो’ म्हणता म्हणता छताचा थेंब पाहुण्याच्या खांद्यावर पडताना दिसला, की तो आतल्या दिशेने ‘अगे, बालदी हाड गो बेगीन!’ (अगं, बादली आण लवकर!) असे ओरडेल. हा हशा त्याच्या जातीवर किंवा शिक्षणावर नाही, गळणाऱ्या छतावर पांघरूण घालण्याच्या धडपडीवर आहे.

दोन्ही बापांना मोजण्याचे एकेक माप द्या. ट्रकमालक सगळे खेपांत मोजतो: फ्रिज किती खेपांचा, जावयाची अंगठी किती खेपांची. भाटकार पाडपात, म्हणजे नारळ उतरवण्याच्या पाळीत, मोजतो. पाडेली दर दोन-तीन महिन्यांनी माडावर चढतो, म्हणून भाटकाराचा प्रत्येक वायदा ‘पुढच्या पाडपाला बघू’ असाच असतो. दोघांच्या बोलण्याला यामुळे वेगळा ठसा येतो, आणि दोघेही आपापल्या धंद्यात हुशार आहेत हेही कळते. हुशार माणूस खोट्या प्रतिष्ठेपायी मूर्खासारखा वागला तर नाटक चालते. मुळातच मूर्ख असेल तर त्याच्या वागण्यात बघण्यासारखे काही नसते.

आता काळाबद्दल. तुमच्या संहितेत चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आदल्या दिवशी टिपर भरून निघाले आहेत. खाणपट्ट्यातला प्रेक्षक हे तिथल्या तिथे पकडेल. पावसाळ्यात खाणीचे काम मंदावते आणि गाड्या गॅरेजमध्ये असतात. टायर, पाटे, बॉडी, रंग हा सगळा खर्च पावसात होतो, तोही चवथीनंतर सुरू होणाऱ्या हंगामाच्या भरवशावर, बहुधा उधारीने. ही चूक सुधारताना तुम्हाला नाटकाचा कणाच मिळतो. नाटक २०१२ साली घडवा. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल त्या सप्टेंबरमध्ये संसदेत मांडला गेला, १० सप्टेंबरला गोवा सरकारने खाणकाम थांबवले, आणि चवथ होती १९ सप्टेंबरला. मधे नऊ दिवस. पुढे ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचीही स्थगिती आली, पण ते तुमच्या पात्रांना अजून ठाऊक नाही. ‘दहा-पंधरा दिवसांत सुरू होईल’ असे ट्रकमालक म्हणतो तेव्हा मांडवातल्या प्रत्येकाला पुढचे माहीत असते. या एका वाक्याला कुठलाही अभिनय जोडायला लावू नका.

या नऊ दिवसांत दोन्ही घरे सारखीच कफल्लक आहेत आणि दोघांनाही ते एकमेकांपासून लपवायचे आहे. तुमचे नाटक हे आहे. श्रीमंत विरुद्ध गरीब ही मांडणी सोडून द्या.

लपवाछपवीला एक ठोस वस्तू लागते. ती तुमच्याकडे आहे, पण तुम्ही ती दोन वाक्यांत उरकली आहे: लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला मुलीच्या माहेरून जाणारे ओझे. माटोळीचे (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या छताचे) सामान, आसोले नारळ, सुपारीचे कातरे, केळीचा घड, तोरिंजन, निरफणस, चिबूड, आणि नेवऱ्या (करंज्या) व लाडवांचे डबे. सगळा वाडा (वस्ती) बघत असतो की काय आले, किती आले आणि कशातून आले. पाठवणाऱ्याचा मान त्यावर, घेणाऱ्याचाही त्यावरच. दोन घरांतला फरक उघड्यावर मोजला जाण्याची याहून चांगली जागा आपल्याकडे दुसरी नाही. म्हणून पहिला अंक ओझे येण्यावर संपवा आणि दुसरा अंक पूर्ण ते वाटण्यावर रचा.

आकडे पक्के ठरवा, कारण इथला विनोद आकड्यांवरच उभा राहील. उदाहरण देतो. ट्रकमालकाच्या बायकोने ऑगस्टमध्ये स्वयंसाहाय्य गटातल्या एका बाईकडे ५०१ नेवऱ्यांची ऑर्डर दिली आणि निम्म्यांचा विसार दिला. १० तारखेनंतर उरलेले पैसे उभे राहिले नाहीत, म्हणून तिने २५१ च उचलल्या. डबे मात्र ५०१ चेच नेले आणि तळाला वर्तमानपत्रे भरली. तिकडे भाटकारणीने महिनाभर आधीच वाड्यावर सांगून ठेवले आहे: बेचाळीस घरांना पाच-पाच, बारा सोयऱ्यांना अकरा-अकरा. म्हणजे ३४२ लागणार. हे गणित प्रेक्षकांना पहिल्या अंकातच दोन वेगवेगळ्या तोंडांतून ऐकवा, म्हणजे डबा उघडण्याआधीच त्यांना घाम फुटेल.

दुसऱ्या अंकाची सुरुवात मग अशी होऊ शकते. १९ तारीख, नैवेद्य झाला आहे, पाटावर केळीची पाने मांडली आहेत:

भाटकारीण: वाड्यावर बेचाळीस घरे. पाच-पाच.
सून: दोनशे दहा.
भाटकारीण: सोयरे बारा. अकरा-अकरा.
सून: एकशे बत्तीस.
भाटकारीण: आणि डब्यात?
सून: (हळू) दोनशे एक्कावन्न.
भाटकारीण: (बराच वेळ गप्प) वाड्यावर तीन-तीन देऊ. यंदा तेल चांगले मिळाले नाही म्हणून सांगू. तीन दिल्या तर पुरतात?
सून: सात कमी.
भाटकार: (आतून हात पुसत येतो) नेवऱ्या फर्मास झाल्यात हो!
सून: (सासूकडे बघत) आठ.

गणित तपासा: ४२ गुणिले ३ म्हणजे १२६, अधिक १३२, एकूण २५८. डब्यात २५१. सात कमी. इथून पुढे घरात येणारा प्रत्येक माणूस सहज एक नेवरी उचलतो आणि प्रेक्षक मनात आकडा वाढवतो. शेजारचे पोर, आरतीला आलेला भजनी, आणि शेवटी मुलीची चौकशी करायला आलेला ट्रकमालक स्वतः. त्याला आग्रह करून नेवरी द्यावीच लागते, आणि त्यालाही ती नाकारता येत नाही. ‘आठ’ म्हणणाऱ्या मुलीने हसायचे नाही, प्रेक्षकांकडे बघायचेही नाही. ती खरोखर हिशेब करते आहे. तिने डोळा मारला की ती नाटकाबाहेर पडली, आणि तिच्याबरोबर तो आकडाही गेला.

भाटकारणीला या नेवऱ्या आता कुठून तरी गुपचूप आणवणे भाग आहे. सुनेच्या माहेरची लाज झाकायला म्हणून ती निघते, खरे तर स्वतःने वाड्यावर मारलेली बढाई झाकायला. ती त्याच गटातल्या बाईकडे माणूस पाठवते. त्या बाईच्या घरी न उचललेल्या २५० नेवऱ्या तशाच पडून आहेत. म्हणजे एकाच ऑर्डरचा अर्धा भाग एका घराने वाजतगाजत आणला आणि उरलेला दुसरे घर मागच्या दाराने उधार आणते आहे. दोन्ही घरे ज्या बाईला खिजगणतीत धरत नव्हती, तिची दोघेही देणेकरी झाली.

यासाठी तुमचा तो शहाणा गडी काढून टाका. प्रेक्षकांकडे तोंड करून मालकांच्या चुका सांगणारा गडी फार जुना झाला आहे, आणि त्याला स्वतःचे काही हवे नसते म्हणून तो जिवंत वाटत नाही. या बाईला हवे आहे: तिचे पैसे. सणाच्या दिवशी ती नम्रपणे येते, ‘नंतर आले तरी चालेल, पण गूळवाल्याला द्यायचे आहेत’ म्हणते आणि उंबऱ्याशी थांबते. तिच्या तोंडी समाजावरचे एकही वाक्य घालू नका. ती फक्त आकडा सांगते. नेवरीचा दर तुमच्या भागातल्या अशा गटांना विचारून त्या वर्षीचा घाला. अंदाजे घातलात तर तालमीतच कोणीतरी चूक काढेल.

मुलीचे भाषणही याच कारणाने काढा. तासभर प्रेक्षक स्वतः तोलत, ठरवत आलेला असतो. भाषण सुरू झाले की तुम्ही त्याच्या हातातला तराजू काढून घेता. ज्यांना ते आवडते त्यांना त्यातला विचार आवडतो आणि तो खरा आहे, पण तो कृतीत दिसू शकतो. माझी सूचना अशी: दोन्ही बाप त्या बाईसमोर एकाच वेळी खिसे चाचपतात. दोघांकडेही पुरेसे निघत नाही, आणि त्या क्षणी दोघांनाही एकमेकांचे कळते. मग भाटकार म्हणतो, पुढच्या पाडपाचे नारळ हिचे. तिला नेवऱ्यांच्या सारणाला नारळ लागतातच. बागेपासून तिच्या दारापर्यंत नारळ पोचवणार कोण? ट्रकमालक म्हणतो, खेप माझी. दोघांची मापे एकाच वाक्यात येतात आणि बाईचे देणे फिटते. ते फिटलेच पाहिजे असे माझे ठाम मत आहे. तिला रिकाम्या हाताने परत पाठवून पडदा टाकलात, तर मांडवातल्या अशा कितीतरी बायकांना तो स्वतःचा अपमान वाटेल, आणि तो खरेच असेल.

एका जागी मात्र हशा मागू नका. ट्रकमालकाची म्हातारी आई पहिल्यांदा भाटकाराच्या घरी येते तेव्हा सगळे तिला खुर्ची देतात आणि ती जन्माच्या सवयीने पायरीवर बसते. तुम्ही तिथे ‘खुर्ची मोडेल म्हणून घाबरली’ असा विनोद टाकला आहे. तो काढा आणि दोन श्वास शांतता ठेवा. १९७५ च्या मुंडकार कायद्याने तिला घर आणि भोवतालची जागा मिळवून दिली, पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत. पण पायरीवरून खुर्चीत जाण्याचे कलम त्यात नव्हते. हे सांगायचे नाही, फक्त दिसू द्यायचे. आणि दुसऱ्या अंकात भाटकाराची बायको नेवऱ्या मोजता मोजता दमून तिच्या शेजारी त्याच पायरीवर टेकते, एवढे केलेत तरी पुष्कळ झाले.

गावातल्या घराण्याबद्दल. आधी संहितेतून त्यांच्या खुणा शोधून काढा: घराचे नाव, गाडीचा रंग, कोणाची चालण्याची लकब, कोर्टात गेलेली जमीन, सगळ्यांना पाठ असलेला एखादा प्रसंग. यातल्या दोन खुणा जरी एकत्र आल्या तरी गाव बोट दाखवणार. आडनावे अजिबात वापरू नका. गोव्यात आडनाव आणि गाव कळले की जात कळते, आणि मग नाटक वर्गावर न राहता दोन समाजांवर आहे असे होते. पात्रांना फक्त हाका असू द्या: भाटकारबाब, वहिनी, आजी. नक्कल चांगली करणारा नट असेल तर त्याला भाटकाराची भूमिका देऊ नका. तो न सांगताही नक्कल करील. संहिता त्या घराण्याला मंजुरीसाठी पाठवू नका, तो पायंडा पुढच्या सगळ्या नाटकांना जड जाईल. पण मंडळातल्या ज्येष्ठ माणसाने घरी जाऊन गोष्ट तोंडी सांगावी आणि जत्रेचे आमंत्रण नेहमीसारखेच द्यावे. दोन्ही घरे सारखीच उघडी पडतात हे कळले की बहुतेकांचा राग निवळतो. नाहीच निवळला, तरी तुमच्या हातून आगळीक झालेली नसेल.

प्रयोगाच्या बाबी. जत्रेचे नाटक पालखी आटोपल्यावर सुरू होते, प्रेक्षक दमलेला असतो, मुले पेंगतात. एकेक अंक पंचावन्न मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. तुमची संहिता आत्ता तीन तासांची आहे. लग्नाची बोलणी एकाच प्रवेशात उरका आणि तो मे महिन्यात ठेवा. त्या प्रवेशात बाहेरून टिपर जाण्याचा आवाज घ्या. आवाज आला की सगळे वाक्याच्या मध्येच थांबतात, तो गेला की तिथूनच पुढे बोलतात. खाणपट्ट्यातल्या रस्त्याकडेच्या घरांना ही सवय नवी नाही. मग सप्टेंबरच्या प्रवेशात कुठलाही आवाज नसताना ट्रकमालक एकदाच, वाक्याच्या मध्येच सवयीने थांबतो. एकदाच. दुसऱ्यांदा केलेत तर ती युक्ती वाटेल.

घरे दोन, पण नेपथ्य बदलत बसू नका. रंगमंचाचा दोन तृतीयांश भाग भाटकाराची वसरी (ओसरी) आणि उरलेला कोपरा ट्रकमालकाची खोली, प्रकाश बदलला की घर बदलले. वसरीत न गळणाऱ्या चार जागा खडूने आखून घ्या. घरच्यांना त्या पाठ असतात, पाहुण्यांना नसतात. पाऊस वाढला की बोलणे न थांबवता सगळे कुटुंब सरकते आणि पाहुणा भिजतो. ही हालचाल संवादाइतकीच तालमीत बसवावी लागते. निदान आठवडाभर आधी खऱ्या खुर्च्या घेऊन करा, नाहीतर नट एकमेकांवर आदळतील आणि तो हशा वेगळाच असेल.

हशा आला की पुढचे वाक्य लगेच बोलायचे नाही. तो चढतो, टिकतो आणि उतरू लागतो. उतरू लागला की बोलावे, पूर्ण शांत होण्याची वाट बघू नये. आकड्यांच्या प्रवेशात तर हे फारच सांभाळा, कारण ‘सात’ ऐकू आले नाही तर ‘आठ’ वाया जातो. वर टांगलेले माइक खाली बसलेल्या नटाचा आवाज नीट पकडत नाहीत. म्हणून सासू-सुनेला जमिनीवर न बसवता बुटक्या बाकावर बसवा आणि पाने पाटावर मांडा.

नेवऱ्या वरच्या थरात खऱ्या ठेवा, त्या खाल्ल्या जातात. खालच्या थरासाठी कणकेच्या भाजून कडक केलेल्या चालतील, थर्मोकोलच्या नकोत. त्या पानावर ठेवताना आवाज करत नाहीत आणि वजन नसल्याने हातही खोटा दिसतो. डबे प्रयोगाच्या तासभर आधीच भरा आणि बंद ठेवा, मुंग्या येतात. तळाची वर्तमानपत्रे कोरडी, करकरीत असू द्या. पहिला अंक ज्या क्षणी संपतो तेव्हा भाटकारणीचा हात डब्याच्या तळाला लागून तो कागद चुरचुरायला हवा, आणि तो आवाज मागच्या चटईवर बसलेल्यांपर्यंत जायला हवा. त्यासाठी एक माइक माटोळीच्या आड बांधून घ्या.